चेकरच्या घरी चौकशी

शामराव तांबे बेस्टमध्ये तिकीट तपासनीस होते, म्हणजे लोकांच्या भाषेत चेकर. रिटायर झाले तरी नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांना अजून चेकरच म्हणत. भाजीवाला वजन करायला लागला की ते काट्याकडे नाही, भाजीवाल्याच्या तोंडाकडे बघत. डॉक्टरने लिहिलेली गोळी ते केमिस्टला विचारून घेत, आणि केमिस्टने सांगितलेलं दुसऱ्या केमिस्टकडे जाऊन पडताळत. माणूस वाईट नव्हता. पण ज्याने आयुष्यभर जगाकडे तिकीट मागितलं, त्याला जग फुकट्यांनी भरलेलं दिसणार, त्याला इलाज काय?

जेवताना त्यांची एक गोष्ट ठरलेली असे. बसमध्ये चढल्यावर तिकिटं बघायची गरजच नसते, म्हणायचे. तिकीट असलेला माणूस चेकरकडे बघतो, नसलेला खिडकीबाहेर. "बाहेर काय असतं? रोजचाच रस्ता. पण बघतो कसा, जसा आयुष्यात पहिल्यांदा परळ बघतोय!" बायको शैला या गोष्टीला कंटाळली होती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली एकुलती एक ओवी मात्र हसायची, आणि लक्षात ठेवायची.

या ओवीला आर्किटेक्ट व्हायचं होतं. चाळी पाडून समोर टॉवर उभे राहत होते आणि ही गॅलरीत उभी राहून त्यात चुका काढायची. बारावी झाली, प्रवेश परीक्षेत चांगले मार्क पडले, एका खाजगी कॉलेजात नंबरही लागला. सरकारी सवलतीत फी माफ होणार होती. चाळीत पेढे वाटले गेले. शामरावांच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

ते स्वतः कॉलेजात गेले. काऊंटरवरच्या क्लार्कला विचारलं, "माफ म्हणजे आम्ही भरायचे किती?"

"काका, ट्यूशन फी माफ आहे."

"ते समजलं. उरलं किती?"

"बाकीचं असतं थोडंफार. आधी ॲडमिशन घ्या, मग कळेल."

उतरताना भाडं सांगणारी बस शामरावांनी अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती. ते तिथून हलले नाहीत. एकेक करून काढून घेतलं: लायब्ररी, डिपॉझिट, स्टुडिओचा खर्च, अभ्यासदौरा. शिवाय वरच्या वर्गातल्या मुलांना गेटवर गाठून विचारलं. मॉडेल करायचं सामान, प्रिंट, चांगला लॅपटॉप, आणि हे सगळं पाच वर्षं. सवलत घेऊनही जे उरत होतं ते शैलाच्या ब्लाऊज शिवण्यातून निघणारं नव्हतं. फुकट म्हणून सांगितलेल्या गोष्टीचा त्यांनी आधीच ओळखलेला वास खरा निघाला, याचं त्यांना थोडं समाधानही वाटलं. मुलीचं तोंड पाहिल्यावर ते गेलं.

ओवीने एका वहीत सगळा अंदाज मांडला. त्यातही बापाचा नियम पाळला. कुणी नुसतं तोंडाने सांगितलेलं असेल तर पेन्सिल, खात्री पटली की पेन. पान बहुतेक पेन्सिलीनेच भरलं होतं.

गिरगावात एक शिक्षण निधी होता. कुटुंबाला खरोखर किती झेपतं ते बघून तो उरलेला भार उचलायचा. त्यासाठी त्यांचं माणूस घरी येऊन चौकशी करत असे. अर्ज भरला, रविवार ठरला.

आणि इथे शामरावांची झोप उडाली. कारण त्यांच्याकडे एक फिक्स डिपॉझिट होतं आणि ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

त्याचं कारण जयवंत. शामरावांच्याच बरोबरीचा चेकर. फंडाचा पैसा त्याने मुलांच्या शिक्षणात आणि लग्नात घातला, आणि हार्टचं ऑपरेशन झाल्यावर गोळ्यांसाठी त्याला सुनेपुढे हात पसरावा लागला. ते शामरावांनी डोळ्यांनी पाहिलं आणि कानाला खडा लावला. स्वतः रिटायर झाल्यावर फंडातली बरीचशी रक्कम त्यांनी दादरच्या एका बँकेत ठेवली, आणि घरी सांगितलं की कापून कापून एवढेच हातात आले. सांगितलेले होते ते त्यांच्या आईच्या आजारपणात संपले. शैलाने तेव्हा कानातले विकले. शामरावांना ते लागलं होतं, फार लागलं होतं. पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

शनिवारी शेजारचा राजेश आला. "काकी, ते वॉशिंग मशीन हलवा आधी. अशाच चौकशीत माझ्या भाच्याकडे मशीन बघितलं आणि नाव कट केलं त्यांनी. सीधा कट!"

शैलाने नवऱ्याकडे पाहिलं. एरवी असल्या लबाडीवर शामरावांनी चाळ डोक्यावर घेतली असती. या वेळी ते म्हणाले, "बघा तुम्हाला काय करायचं ते." राजेशने आणि शैलाने मोरीजवळचं मशीन उचलून त्याच्या खोलीत नेलं आणि वर चादर टाकली.

रविवारी पूर्वी नावाची मुलगी आली. पंचविशीची असेल, खांद्याला कापडी पिशवी. शामरावांनी दारातच तिचं ओळखपत्र मागितलं, उलटून मागची तारीख बघितली, फोटोशी तोंड ताडून पाहिलं.

"पप्पा!" ओवी दबक्या आवाजात म्हणाली.

"असू दे," पूर्वी हसली. "विचारायलाच पाहिजे काका."

विचारायलाच पाहिजे म्हणणाऱ्या माणसाचाही त्यांना संशय आला. ही गोड बोलून खोदणार, त्यांनी ठरवून टाकलं. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीवर तिला बसवलं आणि स्वतः तिचे डोळे कुठे फिरतात ते बघत राहिले. डोळे फिरले, आणि मोरीजवळ थांबले. तिथे लादीचा एक चौकोन बाकीच्या लादीपेक्षा लख्ख होता. आपण असतो तर इथेच पकडलं असतं, हे त्यांना कळत होतं.

पूर्वी काही बोलायच्या आत ओवी बोलली. "तिथे वॉशिंग मशीन असतं. शेजारी ठेवलंय. तुम्हाला दिसू नये म्हणून."

शैलाने हातातली कपबशी खाली ठेवली.

"मशीनचं काही नसतं गं," पूर्वी म्हणाली. "कपडे सगळ्यांनाच धुवायचे असतात. परत आणा ते." तिने पुढचा प्रश्न घेतला. "बँकेत काही ठेव वगैरे? एफडी?"

"नाही हो," शैला लगेच म्हणाली. "यांचे फंडाचे होते ते सासूबाईंच्या दवाखान्यात गेले. माझे कानातलेसुद्धा गेले. आता खरंच काही नाही. मशीनचं खोटं केलं, पण हे खोटं नाही सांगत. अहो, सांगा ना तुम्ही."

शामरावांनी मान वर केली. समोर खिडकी होती. खिडकीबाहेर टॉवरवरची क्रेन हळूहळू वळत होती. लोखंडाचा एक भारा वर चढत होता. ते बघत राहिले. रोजचीच क्रेन, पण त्यांची नजर काही केल्या तिच्यावरून निघेना.

पूर्वीचं पेन कागदावर टेकलं होतं. शामरावांना गालावर कुणाची तरी नजर जाणवली आणि त्यांनी वळून पाहिलं. ओवी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. तिने नुसतं ओळखलं होतं. ही नजर त्यांच्या चांगल्या परिचयाची होती. फक्त ती आजवर कधी त्यांच्यावर रोखली गेली नव्हती.

तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित ते नाही म्हणून मोकळे झाले असते.

"आहे," शामराव म्हणाले. "एक एफडी आहे. दादरला." मग त्यांनी रक्कम सांगितली.

पूर्वीने लिहून घेतलं. "काका, यामुळे आमची मदत कमी होईल, हे आत्ताच सांगते. पण म्हातारपणासाठी ठेवलेलं सगळं आम्ही मोडायला लावत नाही. त्यातला काही भाग सोडूनच हिशोब धरतो. तसं फॉर्मच्या मागे छापलंय."

प्रत्येक कागदाची मागची बाजू बघणाऱ्या माणसाने एवढी एकच मागची बाजू बघितली नव्हती, कारण फॉर्म हातात घ्यायचंच त्यांना नको वाटलं होतं.

पूर्वी गेली. शैला मोरीजवळ कपबशा धूत बसली होती.

"कधीपासून?" तिने मान वर न करता विचारलं.

"रिटायर झाल्यापासून."

"म्हणजे आई आजारी होत्या तेव्हा होते."

"होते."

तिचा हात नकळत कानाशी गेला आणि खाली आला. त्यांना माफी मागायची होती. जयवंतचं सगळं सांगायचं होतं, त्या गोळ्या, ती सून. पण सासूसाठी कानातले विकणाऱ्या शैलाला जयवंतच्या सुनेची गोष्ट कुठल्या तोंडाने सांगणार? शैलाने राजेशला हाक मारली आणि दोघांनी मशीन परत आणून त्या लख्ख चौकोनावर ठेवलं. शामराव हात लावायला उठले तर ती म्हणाली, "राहू दे."

ओवी वही उघडून बसली होती. निधीकडून अंदाजे किती येईल, एफडीतलं किती मोडावं लागेल, सगळं नव्याने मांडत होती. पाच वर्षांचं गणित जेमतेम का होईना, जुळत होतं. म्हणजे कॉलेज होणार होतं. शामराव तिच्या शेजारी जाऊन बसले.

"पप्पा," तिने वहीवरून नजर न काढता विचारलं, "अजून काही आहे?"

"नाही."

आता तिने वर पाहिलं. शामरावांनी नजर अजिबात हलवली नाही. खिडकी बाजूलाच होती, पण ते तिच्याच डोळ्यांत बघत राहिले. खरं होतं ते. याहून जास्त एक पैसा नव्हता. तिने त्यांचं तोंड नीट, सावकाश बघून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. मग तिने हातातलं पेन खाली ठेवलं, पेन्सिल शोधली, आणि बापाचा आकडा पेन्सिलीने लिहिला.