काबुसीचे अर्धे पडदे

जयप्रकाश खांबेट्यांना कुठलीही वस्तू आहे तशी बघवत नसे. कुवेतच्या एका इस्पितळात मशिनं दुरुस्त करायची नोकरी, आणि तिथल्याच एगैला भागातल्या घरी परतल्यावरही हात शिवशिवतच. शेजाऱ्याचा मिक्सर, मंडळाची पेटी, कुणाच्या मुलीचा तानपुरा, सगळं यांच्याच टेबलावर. "नसत्या उठाठेवी नडतील तुम्हाला एक दिवस," असं चारुशीलाबाई म्हणायच्या आणि चहाचा कप टेकवायला जागा शोधायच्या.

त्यांच्याच इस्पितळातली मदतनीस नोरो, मादागास्कर बेटावरची. तिने आपली काबुसी त्यांच्याकडे आणून दिली. काबुसी म्हणजे त्या बेटावरची गिटारच म्हणा, पण चौकोनी लाकडी डब्याची, चार तारांची. हिची वडिलांनी स्वतः केलेली. वडील आता नव्हते. एक खुंटी निसटत होती, तेवढी बसवून हवी होती, कारण शुक्रवारी बेटावरच्या बायका जमणार होत्या आणि नोरोला तिथे वडिलांची चाल वाजवायची होती.

खुंटी चहा निवायच्या आत झाली. तिथे थांबावं की नाही माणसानं? पण यांची नजर दांडीवर गेली. सतारीला असतात तसे, पण तारेचे तुकडे ठोकून केलेले पडदे, आणि त्यातले निम्मे अर्धवट. काही दोन तारांपुरते, काही तर एकाच तारेखाली.

"बिचाऱ्याला तार पुरली नसेल," खांबेटे बायकोला म्हणाले. मग काय, सगळे उपटले, या कडेपासून त्या कडेपर्यंत खाचा पाडल्या आणि पितळेचे अख्खे पडदे झोकात बसवले. जुने तुकडे केरात गेले.

गुरुवारी संध्याकाळी नोरो आली. एक बोट आडवं दाबून तिने तारा छेडल्या. पुन्हा छेडल्या. तिचा चेहरा पडला.

"सगळे पूर्ण का केलेत, सर?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

मग उलगडा झाला. पडदे अर्धे होते म्हणून एकाच बोटाखाली काही तारा जवळच्या पडद्याला टेकायच्या, काही पुढच्याला, आणि त्यातूनच सूर जुळायचा. आता सगळ्या एकाच ओळीत दबत होत्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. खांबेट्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

ते कटर घेऊन बसले. "सांग, कुठला किती कापू?"

पहिले दोन तिने चाचपडत सांगितले. तिसऱ्यापाशी गुणगुणली, बोट ठेवलं, उचललं. "नाही आठवत. बाबांनी शिकवलं नव्हतं. ते बोट टेकवायचे तिथे मी टेकवायची."

"एखादं रेकॉर्डिंग? फोनवर?"

"बाबा होते तेव्हा फोन कुठला आमच्याकडे?"

खांबेट्यांनी कटर बाजूला ठेवला. आयुष्यभर मशिनं उघडली, पण असा चडफडाट कधी झाला नव्हता, कारण दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

नोरोने काबुसी टॉवेलात गुंडाळली.

"उपटायच्या आधी एकदा मला विचारायचं होतंत, सर," ती म्हणाली. "इस्पितळात मी तुमच्या खालच्याच मजल्यावर असते."