हॉस्टेलची ओटी

वाळूजच्या आमच्या कारखान्यात ओल्या रंगाचा वास आला की मला माझी हिरवी पत्र्याची पेटी आठवते. दहावी होताच, अकरावी-बारावी सोडून, मी शेंद्र्याहून थेट डिप्लोमाला निघाले होते, शहरात हॉस्टेलवर राहायला. शहागंजातून आणलेल्या पेटीचा रंग अजून हाताला लागत होता. गल्ली दारात जमलेली. आईनं मला पाटावर बसवलं आणि ओढणीत तांदूळ-नारळ घालून ओटी भरली.

"लग्नाआधीच ओटी?" आत्या चिडली.

"पोरगी घर सोडून चालली, भरणारच," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "सासरी जाणारी रडती. तू हसत जा."

मी हसतच रिक्षात चढले. तेव्हा तो आईचा हट्ट वाटला. आज कळतं, तिनं सगळ्यांदेखत माझी पाठवणी केली होती, अन् नवरदेव कुठंच नव्हता.