नैवेद्यानंतरचे ताट

देवावर माझी श्रद्धा आहे. परंतु चमत्कारांच्या गोष्टी मी कायम हसून सोडून दिल्या. आयुष्यभर संस्कृत शिकविले, प्रत्येक विधानाला प्रमाण मागितले. म्हणूनच या सदरासाठी हे लिहिताना संकोच होतो... पण आता विचारायचे तरी कोणाला?

आम्ही जळगावात, मेहरूण तलावाजवळ राहतो. गेल्या वर्षापासून माझ्या पत्नीच्या पोटात अन्न ठरत नाही. तपासण्या झाल्या, निदान झाले नाही. वजन मात्र उतरत गेले. अखेर डॉक्टरांनी आहाराचे अॅप वापरायला सांगितले — काय सोसते ते तरी कळेल. सूनबाईने ते माझ्या मोबाईलवर घातले. ताटाचा फोटो काढला की अॅप पदार्थ ओळखते.

सकाळचा उपमा, संध्याकाळची पेज ते बिनचूक ओळखी. दुपारचे ताट मात्र आमच्याकडे प्रथम देवापुढे जाते. त्याआधी फोटो काढणे अन्न उष्टावल्यासारखे वाटे, म्हणून नैवेद्य दाखवून काढला. वरण, मऊ भात, दोडक्याची भाजी — फोटोत सर्व स्वच्छ दिसत होते. खाली अक्षरे उमटली : 'ताटात अन्न आढळले नाही.'

"आबा, तुळशीच्या पानानं गोंधळलं असेल," सून म्हणाली. पान काढले. तिच्या मोबाईलवर पाहिले. तेच! शेवटी मन घट्ट करून नैवेद्याआधी फोटो घेतला — सगळे पदार्थ ओळखले. हात जोडले, पुन्हा घेतला — अन्न नाही.

पत्नीचे माहेर दोंडाईच्याचे. तिथली बोली तिच्या तोंडून अजून सुटलेली नाही. ती हसली, "बठ्ठं ताट भरेल शे, नि त्याले दिसत नही? आंधया शे तुमना फोन!"

ते ताट तिने चवीने संपविले, आणि नवल म्हणजे ते पोटात राहिले. बाकी सारे उलटून पडे. नैवेद्याचे तेवढे ठरे. मी कृतार्थ झालो. प्रत्येक वेळचे अन्न देवापुढे ठेवू लागलो.

महिनाभराने डॉक्टर वजनकाट्याकडे पाहत राहिले. "आबा, खरं सांगा, या जेवतात ना? शरीर उपाशी माणसासारखं झालंय."

"माझ्या हाताने भरवितो हो मी!"

त्या दिवशी महिनाभरात प्रथमच नैवेद्य न दाखविता तिला वाढले. अॅपने प्रत्येक पदार्थ ओळखला. तिने चार घास खाल्ले, आणि सारे बाहेर पडले... सोबत थोडे रक्तही.

अन्नाचा सूक्ष्म भाग देव घेतो आणि स्थूल भाग प्रसाद म्हणून आपल्याला उरतो, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो. ते शब्दशः खरे असेल, असे कधी मनात आले नव्हते. खरे आहे की नाही, तेही मला ठाऊक नाही. यंत्र बिघडले म्हणावे, तर तिचे मनगट माझ्या दोन बोटांत मावते आहे.

आजही ताट हातात घेऊन देवघरापुढे उभा राहिलो, तेव्हा आतून तिचा आवाज आला, "अहो, भूक लागनी ना... नैवेद्य लवकर दखाडा."

मी ताट ठेवले, पाणी फिरविले. मंत्र मात्र आठवेना. एवढेच म्हटले — देवा, थोडे तिच्यासाठी राहू दे.