आमच्या बाईची गाडी

पोळ्याला आमच्या गावात घरोघरी मातीचे बैल करतात. शहागडच्या अलीकडचं गाव, नदी हाकेच्या अंतरावर, मातीला तोटा नाही. आमच्याही पाटावर बैलांची रांग लागायची आणि तिच्या शेवटी माझी एक मोटार उभी असायची. मला बैल जमत नव्हते असं नाही, मला ते करायचेच नसायचे. हायवेवरच्या गाड्या बघून बघून बोटं आपोआप तिकडेच वळायची. आत्या कपाळावर हात मारून घ्यायची. "सण बैलायचा अन् हिची मोटार! शिंगं कुठं लावू हिला?" अण्णा, म्हणजे माझे वडील, मोटारीच्या नाकाला कुंकू लावायचे आणि म्हणायचे, "असू दे. ही बी वझं वढतीच की."

काळी माती वाळली की चिरते. दुसऱ्या दिवशी मोटारीचा टप मधोमध फाटलेला असायचा आणि मी रडून घर डोक्यावर घ्यायचे. शेवटी आईने मातीत कापूस पिंजून घालायला शिकवलं. टप टिकायला लागला आणि माझं डोकं कायमचं बिघडलं.

बारावीनंतर नातेवाइकांनी डी.एड. सुचवलं, नर्सिंग सुचवलं, बँकेच्या परीक्षाही सुचवल्या. गाडी दिसावी कशी हे ठरवणं हाही एक शिकायचा विषय असतो, हे कुणाला पटेना. अण्णांना पटलं. का, ते मला आजही कळलेलं नाही. मी शिकले, पुण्यात एका मोटार कंपनीच्या डिझाईन विभागात लागले, आणि तिथे बघते तर काय, खऱ्या गाडीएवढी मातीची गाडी! तपकिरी, मेणचट माती भट्टीत गरम करून थापायची, थंड झाली की पात्यांनी तासायची. जे केल्याबद्दल आत्याची बोलणी खाल्ली, त्याचा मला पगार मिळणार होता.

इथवर सगळं गोड आहे आणि लोक इथवरच ऐकतात. पुढचं असं की या धंद्यात केलेलं काम दाखवता येत नाही. दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. गाडी बाजारात येईपर्यंत घरीसुद्धा अवाक्षर काढायचं नाही, तशी सही घेतलेली असते. त्यात दहा गाड्या तासाव्यात तेव्हा एखादी रस्त्यावर येते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माझ्या वर्गातल्या पोराने जेसीबी घेतला, तो त्याच्या दारात सगळ्या गावाला दिसतो. माझ्याकडे दाखवायला नखांत अडकलेली माती तेवढी होती.

अण्णा फोनवर म्हणायचे, "लहान हाय का मोठी, एवढं तरी सांग, माय."

"नाही सांगता येत, अण्णा."

"बरं. पन येऊन राह्यली ना?"

"येतेय."

एवढ्या एका शब्दावर त्यांनी तालुकाभर दवंडी पिटली. आम्ही अंबडला ज्या शेठजींच्या आडतीवर मोसंबी घालतो, ते नवी गाडी बुक करणार होते. अण्णांनी त्यांना अडवलं, "थांबा शेठ, जल्दी करू नका. आमच्या बाईची गाडी येऊन राह्यली." शेठजी खरंच थांबले. माझा चुलता थांबला. अण्णा स्वतः जुन्या मोटारसायकलवर थांबले. कुठली, केवढी, कशावर चालणारी, काही माहीत नाही आणि माणसं वाट बघतायत! मला ऐकून घाम फुटायचा. आणि खरं सांगते, फार बरं वाटायचं.

मग एका सकाळी साहेबांनी सगळ्यांना बोलावून गाडी रद्द झाल्याचं सांगितलं. बाजार बदलला म्हणे. सगळं मुसळ केरात. वर ती माती महाग, वाया घालवायची नाही, म्हणून सांगाड्यावरून खरवडून पुढच्या गाडीला वापरायची. मागच्या दाराचं वळण मी महिनोन्महिने हात फिरवून गुळगुळीत केलं होतं. ते मीच पात्याने उतरवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

त्या महिन्यात गावी गेले. अण्णा मोसंबीला आळी करत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"म्हंजे येणारच न्हाई?"

"नाही."

त्यांनी फावडं टेकवलं. "मंग आता तं सांग. जी येणारच न्हाई, तिचं कायचं गुपित? कशी होती ती?"

सगळी गाडी माझ्या जिभेवर होती. पण रद्द झालेल्या गाडीची वळणं पुढच्या गाडीत जातात आणि सही लागूच राहते. शिवाय अण्णांच्या कानावर पडलेलं संध्याकाळपर्यंत फाट्यावरच्या हॉटेलात पोचतं. मला कंपनीची चीड आली, त्या सहीची आली, अण्णांच्या सैल तोंडाची आली आणि माझ्या शहाणपणाची सगळ्यांत जास्त आली.

"नाही सांगता येत, अण्णा."

"बराबर हाय," ते म्हणाले आणि पुन्हा आळं ओढायला लागले.

दोन दिवसांनी मी त्यांच्याबरोबर अंबडला गेले. शेठजींनी कंटाळून दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली होती, ती दुकानासमोरच उभी होती. त्यांनी चहा मागवला, गाडीचा विषय काढला नाही. भला माणूस. बाकावर बसलेल्या एका अनोळखी शेतकऱ्याने माझ्याकडे बघत अण्णांना विचारलं, "पोरगी काय करती?"

"पुण्याला नोकरीला हाय," अण्णा म्हणाले आणि शेठजींना मोसंबीचा भाव विचारायला उठले.