बोटभर हवा

पुनर्वसन केंद्राच्या मागच्या बाजूला, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, एक लांबट खोली आहे. तिच्या दारावर पाटी नाही, कारण पाटीची गरजच कधी पडली नाही. व्हीलचेअरवरच्या कुणालाही विचारा, तो "बोटभर मावशीकडे जा" एवढंच सांगेल. आत भिंतीच्या फळ्यांवर कुशनं रचलेली असतात. काही फोमची, काही जेलची, काही रबरी फुग्यांच्या ओळी असलेली हवेची. मधोमध शिलाई मशीन, खाली पंप, आणि कोपऱ्यात एक स्टूल, ज्यावर मावशी दिवसातून फार तर दहा मिनिटं टेकत असेल. लोकांना बसवता बसवता आपल्याला बसायला फुरसत नाही, हे तिचं आवडतं रडगाणं आहे. ते ऐकताना हसायचं नसतं, हे नवीन माणसाला दुसऱ्या दिवशी कळतं.

ती काही पहिल्यापासून या कामात नव्हती. वीस वर्षं तिने स्कूटरच्या सीटा शिवल्या. दुकान वडिलांचं. भावाला त्यात रस नव्हता आणि हिला सुईदोऱ्याशिवाय करमत नव्हतं, म्हणून गल्ला, कात्री आणि रेक्झिनचे तागे तिच्याकडे आले. तिने शिवलेली सीट दहा वर्षं उसवत नसे, आणि हे ती स्वतःच सांगत असे, कुणी विचारायची वाट न बघता.

एकदा व्हीलचेअरवरचा एक तरुण घड्याळजी तिच्या दुकानात आला आणि बसायला चांगली गादी शिवून द्या म्हणाला. मावशीने आपली सगळी कारागिरी पणाला लावली. टणक फोम, वर ताणून बसवलेलं रेक्झिन, कडेला दुहेरी शिलाई. गादी इतकी देखणी झाली की तिने ती दोन दिवस दुकानात मुद्दाम समोर ठेवली. दीड महिन्याने कळलं की घड्याळजी बसायच्या जागी जखम होऊन पालथा पडून आहे. ती भेटायला गेली तेव्हा त्याने तिला दोष दिला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. स्कूटरवरच्या माणसाला टोचलं की तो सरकतो. ज्याला टोचल्याचं कळतच नाही, तो कशाला सरकेल? एवढी साधी गोष्ट वीस वर्षांत आपल्या डोक्यात आली नाही, याचा तिला स्वतःचाच भयंकर राग आला. त्या वर्षी तिने दुकान बंद केलं आणि केंद्रात येऊन पहिल्यापासून शिकायला लागली. घड्याळजी बरा झाला. आता दर सहा महिन्यांनी कुशन तपासायला येतो आणि मावशीचं मनगटी घड्याळ हटकून पाच मिनिटं पुढे करून जातो.

'बोटभर' हे नाव तिला हवेच्या कुशनमुळे पडलं. त्याची रीत अशी. आधी हवा थोडी जास्तच भरायची, माणसाला वर बसवायचं, मग कुशन आणि माणूस यांच्यामध्ये तळवा वर करून हात घालायचा आणि बैठकीचं हाड शोधायचं. ते बोटांना लागलं की दुसऱ्या हाताने झडप उघडून हवा हळूहळू सोडायची. माणूस कुशनमध्ये आत उतरत जातो. हाड आणि तळ यांच्यामध्ये एक बोट जेमतेम हलेल एवढीच जागा उरली की झडप बंद. त्याहून कमी हवा ठेवली तर हाड तळाला टेकतं. जास्त ठेवली तर माणूस आत उतरतच नाही, फुग्यांच्या टोकांवर तोल सांभाळत बसतो आणि सगळा भार त्या दोन हाडांवर येतो.

तिच्याकडे येणारी माणसं म्हणजे नमुनेच. एका वकीलसाहेबांना खोलीतलं सगळ्यात जाड कुशन हवं होतं. घेतलं, आणि गुडघे टेबलाखाली जाईनात, पाय अधांतरी लोंबायला लागले. नाकापेक्षा मोती जड, म्हणत मावशीने ते परत घेतलं. एका आजींनी जेलचं कुशन धुऊन भर उन्हात वाळत घातलं होतं. एका गृहस्थांनी खोळ धुतल्यावर कुशन मागचं पुढे घातलं आणि आठ दिवस खुर्चीला शिव्या दिल्या. तेव्हापासून मावशी प्रत्येक खोळीच्या मागच्या कडेला एक लाल फीत शिवते. लाल फीत पाठीकडे, असं ती आल्यागेल्याला सांगते, चहा घेऊन येणाऱ्यालासुद्धा.

पण तिचा खरा नियम एकच. घरी जो माणूस रोज मदत करणार, त्याचा हात तिच्यासमोर कुशनमध्ये गेलाच पाहिजे. डोळ्यांनी बघितलेलं माणूस विसरतो, हाताला कळलेलं विसरत नाही, असं ती म्हणते. हा नियम तिने इतक्या वर्षांत एकदाच मोडला.

भूगोलाच्या एक बाई होत्या, पस्तिशीच्या. घराच्या जिन्यावरून पडल्या आणि कमरेखालची जाणीव गेली. आई नव्हती, नवऱ्याशी पूर्वीच फारकत झालेली. घरात त्या आणि सत्तरीचे वडील. वडिलांनी चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या होत्या. बोटांच्या रेघांत अजून काळं वंगण होतं आणि बोलण्यापेक्षा मान हलवण्यावर त्यांचा भर होता. बाईंच्या शाळेने त्यांचा वर्ग तळमजल्यावर आणला होता, पायऱ्यांवर उतार बांधला होता. मुख्याध्यापिकेने मात्र स्वच्छ सांगितलं होतं, शाळा उघडेल त्या दिवशी या, नाहीतर वर्षभरासाठी दुसरं माणूस नेमावं लागेल. त्यात वाईटपणा नव्हता. चाळीस मुलांना कुणीतरी शिकवायला हवंच.

शाळा उघडायला तीन महिने असताना मावशीने बाईंना हवेचं कुशन बसवून दिलं. हात घालायची वेळ आली तेव्हा सायकलवाले भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. एवढ्या मोठ्या मुलीच्या अंगाखाली हात घालायचा म्हणजे बापाला संकोच वाटणारच. बाहेर चार खुर्च्या थांबल्या होत्या. मावशीला त्यांचा संकोच दिसला, कीव आली, आणि ती म्हणाली, "राहू द्या काका, आज नुसतं बघून ठेवा."

त्यांनी बघून ठेवलं.

शाळा उघडायला पंधरा दिवस उरले आणि बाई परत आल्या, वेळ न घेता. सकाळी हातआरशात बैठकीची कातडी तपासताना डाव्या बाजूला बटणाएवढा लाल डाग दिसला होता. केंद्रातल्या सिस्टरने त्यावर बोट दाबून उचललं. लाली जराही फिकी झाली नाही. कातडी अजून शाबूत आहे, सिस्टर म्हणाली, पण डाग जाईपर्यंत बसायचं नाही. कातडी फुटली तर महिनेच्या महिने अंथरुणात जातील.

बाई मावशीच्या खोलीत आल्या त्या संतापूनच. हे कुशन खराब आहे, दुसरं द्या, त्यांनी बजावलं. मावशीने कुशनच्या कडेला हात लावला. कुशन नगाऱ्यासारखं ताणलेलं होतं.

हवा कोण भरतं, तिने विचारलं. सायकलवाल्यांनी पहिल्यांदाच उत्साहाने तोंड उघडलं. रोज सकाळी चहाच्या आधी तेच भरत होते. अंगठ्याने दाबायचं, अंगठा रुतला तर हवा कमी. चाळीस वर्षांत आपल्या हातचं चाक कधी मऊ निघालं नाही, आणि मुलीच्या बाबतीत तर एक दिवस चुकवला नाही. हे त्यांनी अभिमानाने सांगितलं, आणि त्यात काही खोटंही नव्हतं. सायकलला जे उत्तम, तेच त्यांनी लेकीला दिलं होतं. अति तेथे माती म्हणतात ते असं होतं, मायेपोटी.

बाईंना सगळं लक्षात आलं. वडिलांना जरा उशिराने आलं. "म्हणजे मीच?" एवढंच ते म्हणाले, आणि हातांचं काय करायचं ते न सुचल्यासारखे ते हात पॅंटला पुसत राहिले.

मावशीला तेव्हा कुणावर ओरडावंसं वाटलं असेल तर ते स्वतःवर. "काका, चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुम्हाला हात घालायला न लावताच मी घरी पाठवलं. तुम्ही तुम्हाला येतं तेच केलंत." मग तिने दोघांना घड्याळजीची हकीकत सांगितली, गादी दोन दिवस मिरवली होती त्याच्यासकट. ती हकीकत ती सहसा सांगत नसे. सायकलवाल्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि मान हलवली.

बाई घरी पालथ्या पडून राहिल्या. कुशीवर व्हायचं, पुन्हा पालथं, बसायचं नाव नाही. छातीखाली उशी घेऊन त्यांनी पहिल्या धड्याचे नकाशे काढले. एका नकाशात नदी उलटी वाहायला लागली, तेव्हा आपण किती वैतागलो आहोत ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो कागद फाडून नवा घेतला.

इकडे मावशीने एक अजब वस्तू शिवली. जाड कापडाची मोठी पिशवी, आत वाळू, आणि खालच्या बाजूला दाराच्या दोन गोल लाकडी मुठी, बैठकीच्या हाडांच्या जागी. केंद्रात सगळे त्या पिशवीला 'पाहुणे' म्हणायला लागले. सायकलवाले रोज दुपारी यायचे, पाहुण्यांना कुशनवर बसवायचे, खाली हात घालायचे आणि हवा सोडायचे. पहिले दोन दिवस जित्याची खोड आड येत होती. हवा सुटल्याचा आवाज झाला की त्यांचा चेहरा पडायचा, चाक पंक्चर झाल्यासारखा, आणि ते झडप लगेच बंद करायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटले. हवा सुटत राहिली, मूठ बोटांवर उतरत आली, आणि त्यांनी झडप बंद केली. मावशीने हात घालून बघितला. एक बोट जेमतेम हलत होतं. अंगठा जे चाळीस वर्षं सांगत आला होता, ते बोटांनी तीन दिवसांत खोडून काढलं होतं. मावशीने तोंडावर कौतुक केलं नाही, फक्त त्यांना स्टूल दिलं. त्या खोलीत याहून मोठा मान नाही.

नवव्या दिवशी सिस्टरने डागावर बोट दाबलं आणि उचललं, तर कातडी क्षणभर फिकी पडून पुन्हा गुलाबी झाली. अकराव्या दिवशी डाग शोधावा लागला. अर्धा तास बसून बघा, मग आरसा, मग उद्या तासभर, असं तिने सांगितलं. मावशीचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. पाहुण्यांना हात लावणं वेगळं आणि लेकीला वेगळं.

बाई कुशनवर बसल्या. सायकलवाले शेजारी गुडघ्यावर बसले आणि त्यांचा हात पुन्हा पॅंटकडे गेला. मावशीने या वेळी राहू द्या म्हटलं नाही. ती काहीच बोलली नाही, आणि गप्प राहणं हे तिच्यासाठी किती अवघड काम आहे, हे तिला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे.

बोलल्या त्या बाईच. "बाबा, मला सायकल शिकवताना सीट खालून धरून धावायचात ना तुम्ही? तसंच धरा. फक्त तेव्हा न सांगता सोडून द्यायचात, म्हणून मी दरवेळी पडायचे."

सायकलवाल्यांना हसू आलं की रडू, ते नीट कळलं नाही. त्यांनी हात खाली घातला, डोळे मिटले आणि हवा सोडली. मग मावशीने दोन्ही बाजूंनी तपासलं. एक बोट, इकडेही आणि तिकडेही. बाई आता खोल उतरल्यामुळे गुडघे वर आले होते, तेव्हा मावशीने पाय ठेवायच्या पाट्या थोड्या खाली घेतल्या आणि लाल फीत पाठीकडेच आहे ना, तेही बघितलं.

शाळा उघडायच्या दिवशी मावशी केंद्रात जायच्या आधी त्यांच्या घरी गेली. काम काहीच नव्हतं. खोळीचा टाका उसवला असेल तर बघावा, असं तिने दारात सांगितलं, आणि तिच्या हातचा टाका दहा वर्षं उसवत नाही हे माहीत असूनही त्यांनी तिला आत घेतलं. मुख्याध्यापिकेशी बोलणं झालं होतं, पहिला आठवडा रोज दोनच तास आणि मधे आडवं व्हायला खोली. बाईंच्या मांडीवर नकाशांची गुंडाळी होती आणि पंप कपाटात ठेवलेला होता.

सायकलवाले गुडघ्यावर बसले होते, हात कुशनमध्ये. हवा बरोबर होती, ते मावशीला उभ्या जागेवरूनही दिसत होतं. तरी त्यांनी हात तसाच ठेवला.

"सोडला का?" बाईंनी विचारलं.

"नाही. तू सांग, मग सोडतो."

बाईंनी चाकांवर हात ठेवले, दारापलीकडच्या रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सोडा आता."