नुसते ओठ हलव

पत्रू मोहुर्ल्यासारखा तापट माणूस चामोर्शीच्या आसपास दुसरा नव्हता, आणि त्याच्यासारखा बाईचा गळाही दुसऱ्या कोणाला नव्हता. देवाने ही दोन्ही एकाच माणसाला कशाला दिली, ते देवच जाणे. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरायची, मंडईत दंडारीचा नाचगाण्याचा खेळ व्हायचा. पत्रू लुगडं नेसून, नथ घालून मांडवात उभा राहिला आणि त्याने सूर लावला की मागच्या रांगेतले म्हातारे पान चघळायचं विसरायचे. ढोलकीवाला डोमा मात्र सगळा वेळ धास्तावलेला असायचा. ठेका चुकला की ही नथवाली बाई गाणं न सोडता त्याच्या पायावर लाथ हाणायची.

पन्नास सालानंतर लोकांना जुन्या गवळणी पुरेनात. कोणी चांद्याला सिनेमा पाहून यायचा आणि ऐन रंगात ओरडायचा, "सिनेमाचं म्हण!" पत्रूने आधी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग एकदा चामोर्शीच्या बाजारात चहावाल्याच्या ग्रामोफोनवर एका बाईचं गाणं त्याच्या कानावर पडलं, आणि हा तिथेच बसला. बाजार उठला, बैलगाड्या जुंपल्या गेल्या, तरी हा बसलेलाच. बाईचं नाव त्याला माहीत नव्हतं, तबकडीवरची अक्षरं वाचता येत नव्हती. पण ती श्वास कुठे चोरते, कुठे शब्द अलगद सोडून देते, हे सगळं त्याने बाजारामागून बाजार तिथे बसून गळ्यात उतरवलं. बांधीत धान कापताना घोकलं, बैलांना पाणी दाखवताना घोकलं. बायको सोमारी वैतागून म्हणायची, "तुमाले त्या बाईसंगच संसार कराचा आहे का जी?"

"ते माही गुरू आहे," पत्रू म्हणायचा, आणि हे तो थट्टेत म्हणत नसे.

त्या सालची मंडई गुणवंतराव पाटलांनी भरवली होती. पाटील नागपूरहून नवं ज्ञान घेऊन आले होते. सिनेमातली नटी स्वतः गातच नाही, गाते दुसरीच, आणि नटी नुसते ओठ हलवते! हे ज्ञान त्यांच्या पोटात मावेना. पारावर, तळ्यावर, जो भेटेल त्याला त्यांनी ते ऐकवलं, आणि तेवढ्यावर न थांबता चांद्याच्या भोंगेवाल्या बाबूभाईला त्याचा बॅटरीवर चालणारा भोंगा आणि तबकड्या घेऊन बोलावलं. मंडईच्या दिवशी दुपारी पत्रू काजळ घालत बसला होता, तेव्हा पाटील त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"पत्रू, आज तुले गायचं काम नाई. गाणं तबकडी म्हणन. तू नुसते ओठ हलव."

पत्रूला आधी ही थट्टा वाटली. "मी काऊन नाई म्हणायचं? माह्या गळ्याले का कीड लागली?"

"गळा चांगला आहे रे. पण ते असली, अन् तू नक्कल. भोंग्यात असली गाणं असतानी नकलेले कोण इचारते? सिनेमातबी असंच करून राह्यले लोक."

पत्रूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का जाऊ नये? ज्याने एकेक सूर जिवाच्या आकांताने कमावला, त्याला नक्कल म्हणायचं, आणि म्हणणारा कोण, तर ज्याला देवळातली आरतीसुद्धा सुरात म्हणता येत नाही!

"पाटील, मी शिकलो. चोरी नाई केली," तो म्हणाला. "तिच्या गळ्यावर माहे ओठ हालवले त ते चोरी होईन."

"लई बोलू नोको. जमत नसन त दुसरा कोणी नेसन लुगडं."

पाटील गेले. बाबूभाई तबकडी पुसत खाली मान घालून म्हणाला, "पत्रूभाऊ, मी तं हुकमाचा बंदा. लाव म्हनलं की लावतो."

लुगडं दुसऱ्याने नेसावं हे पत्रूला सोसणारं नव्हतं आणि ओठ हलवणं त्याहून नाही. तो मांडवात गेला. बाबूभाईने सुई टेकवली, भोंग्यातून ती बाई गाऊ लागली, आणि पत्रूने तोंड घट्ट मिटून घेतलं. हाताची घडी घालून तो पाटलांकडे डोळे वटारून उभा राहिला. त्याला खात्री होती, आता लोक उठतील, भोंगा बंद करा म्हणतील, पत्रूलाच गाऊ द्या म्हणतील. वर्षानुवर्षं हेच लोक त्याच्यासाठी गाड्या जुंपून येत होते.

कोणी उठलं नाही. गाणं संपलं तशा शिट्ट्या वाजल्या, फेटे उडाले. "वन्स मोर!" पाटलांच्या पुतण्याने झेंडूचा हार आणला आणि तो भोंग्याला घातला.

पत्रूने बाबूभाईला हाताने थांबवलं आणि तेच गाणं स्वतः सुरू केलं. डोमाने ढोलकी धरली. त्या दिवशी त्याचा ठेका एकदाही चुकला नाही. पत्रूही चुकला नाही. पण भोंग्याने कान भरलेल्या लोकांना आता उघडा गळा पुरेना. "आवाज नाई येत!" मागून ओरडा झाला. "भोंगा लावा, भोंगा!" आणि ओरडणारे ते म्हातारेच होते, पान विसरणारे.

पत्रू गाता गाता थांबला. त्याने नथ काढली, केसांचं गंगावन काढून फेकलं. मग सगळ्या मांडवासमोर लुगडं फेडलं आणि ते भोंग्याला गुंडाळू लागला, निऱ्या काढून, पदर नीट घेऊन.

"पाटील, पुढच्या साली याले नाचवा!" तो ओरडला. "हे बाई लई गुणाची आहे. तुमी म्हणान तवा गाते, तुमी म्हणान तवा गप बसते!"

मांडव हसून हसून लोळू लागला. लोकांना वाटलं, हेही सोंगातलंच. पाटीलसुद्धा मांडीवर थापा मारत हसत होते.

"वन्स मोर!" लोक ओरडत होते. "पत्रू, वन्स मोर!"

मांडवातून त्याचं नाव त्या दिवशी आता कुठे कोणी घेतलं होतं. काजळ भरल्या डोळ्यांनी, उघड्या अंगाने, नुसत्या धोतरावर पत्रू तोवर बांधावरून घराकडे चालला होता. त्याला रडू येत होतं, आणि या माणसांपायी रडू येतंय म्हणून आणखी राग येत होता. वन्स मोर त्याने दिला नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे जन्मात कधीच नाही.