मामांच्या मशीनचा चपटा गोल

आमच्या मामांचा विश्वास फक्त स्वतःच्या हातांवर. कारखान्यातली फिटरची नोकरी संपल्यावर त्यांनी मागच्या खोलीत लाकूड कोरणारं सीएनसी मशीन स्वतः जोडलं. आता ते कॉम्प्युटरवरून चालवायला सॉफ्टवेअर हवं होतं, आणि तिथेच घोडं अडलं.

पहिलं फुकट होतं. "फुकट देतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय," मामा म्हणाले. दुसरं विकतचं, पण त्याला सारखं इंटरनेट लागायचं. "माझ्या घरात काय चाललंय, याला कशाला हव्यात चौकशा?" तिसरं फार सोपं होतं. इतकं सोपं म्हणजे नक्कीच काहीतरी लपवत असणार!

परीक्षा तिघांची एकच. कटरच्या जागी पेन्सिल बांधायची, कागदावर गोल काढायला लावायचा आणि कॅलिपरने मोजायचा. तिन्ही गोल अंड्यासारखे चपटे आले.

"सगळे एकाच माळेचे मणी!" मामा कडाडले.

मामीने हातातली भाजी खाली ठेवली आणि तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. रेघेवर रेघ तंतोतंत बसली.

"अहो, एकमेकांना न ओळखणारे तिघं एकच खोटं कसं बोलतील? मशीन बघा की."

"मशीन मी स्वतः जोडलंय!"

"म्हणूनच तर ते कुणी तपासलं नाही."

मामांनी पेन्सिल आडवी सरकवणारा मशीनचा पट्टा बोटाने दाबला. तो सैल होता. त्यांनी तो ताणला आणि फुकटच्याच सॉफ्टवेअरवर चौथा गोल काढला. नाण्यासारखा आला. मामांनी तो चारदा मोजला, मग मामीकडे रोखून पाहिलं.

"तुला हे आधीपासून माहीत होतं ना?"